फुटली म्हणायला शिकले

आम्ही कासार. बांगड्या भरायचा आमचा धंदा. माझं दुकान पुण्याच्या कसब्यात आहे. दुकान आपलं म्हणायचं, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. मी आत बसते, गिऱ्हाईक बाहेर पाटावर बसतं अन् त्याचा हात तेवढा आत येतो. आयुष्यभर मी हातच बघत आले. तोंड विसरते मी, हात विसरत नाही.

मालक गेले तेव्हा माझी पोरगी शाळेतसुद्धा जात नव्हती. दीर म्हणले, "वहिनी, दुकान मी बघतो, तुम्ही घरात बसा." मी म्हणलं, "घरात बसून खाऊ काय?" सुतक फिटलं अन् पाटी डोक्यावर घेऊन निघाले. विश्रांतवाडीकडं तेव्हा नव्या वसाहती होत होत्या, तिथपर्यंत चालत जायची. माझ्या हातात काचेचं काही नाही अन् पाटीत हिरव्यागार बांगड्या. एक बाई दारातनं म्हणली, "सणाच्या बांगड्या आहेत, तुमच्या मालकांना पाठवा." मी म्हणलं, "पाठवते, पण त्यांना वरनं यायला उशीर होईल." ती आत गेली. मग पाट आणून दिला. पुढं तिच्या सुनांच्या अन् नातींच्यासुद्धा मीच भरल्या.

बायका मला बोलवायच्या ते माझ्या हातासाठी. माझ्या हातून बांगडी वाढत नव्हती.

वाढणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, हल्लीच्या पोरींना कळत नाही. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. वाईट शब्द तोंडातनं काढायचा नाही. मी दुसरीपर्यंत शाळा शिकले, पण हे आईनं त्याच्याही आधी शिकवलेलं. पाटावर बसलेल्या बाईच्या कानावर तसला शब्द पडला तर ती मनात धरते, अन् पुढच्या सणाला दुसरीकडं जाते.

बांगडी भरणं म्हणजे जोराचं काम नाही. बाईचा अंगठा आत घ्यायचा, चारी सांधे मुठीत धरून दाबायचे, साबणाचं बोट फिरवायचं, अन् तिला म्हणायचं, हात सैल सोडा. कुणी सोडत नाही. सैल सोड म्हणलं की माणूस जास्तच ताठतं. म्हणून विचारायचं, "माहेर कुठलं तुमचं?" ती माहेराचं बोलायला लागली की हात आपोआप ढिला पडतो. तेवढ्यात बांगडी सांध्यावरनं उतरवायची. तिला कळतसुद्धा नाही.

त्याच धंद्यावर मी पोरीचं लग्न केलं. तिला विश्रांतवाडीत चांगलं घर मिळालं. नात झाली, ती शिकली, कंपनीत लागली. मी एकटी कसब्यात राहिले, माझी मीच. कुणाला कधी हाक मारली नाही.

मग करोना आला. दुसऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही म्हणले. आता कासारणीनं करायचं काय? दुकान वाढवलेलं ते किती महिने तसंच होतं. आळीतली माणसं गेली, रोज गाडीचा भोंगा ऐकायचा. मी खिचडी करून खात होते, दोन घरं सोडून एक म्हातारा होता त्याला देत होते. तेव्हा मला काही झालं नाही. सगळे म्हणायचे, आजी खंबीर आहेत.

मला झालं ते सगळं सरल्यावर. बाजार उघडला होता, गणपतीच्या आधीची गर्दी होती, गिऱ्हाईक पाटावर होतं. मी हिरवी बांगडी सांध्यापर्यंत आणली अन् एकदम छातीत धडधडायला लागलं. जिना अंगावर येतोय असं वाटलं. कानात शिट्टी वाजायला लागली, तळहाताला घाम सुटला. मला वाटलं, चालले मी. मूठ एकदम आवळली अन् बांगडी वाढली. बाईच्या अंगठ्याला लागलं, रक्त आलं. ती चांगली होती, म्हणली, "असू द्या, वाढायचीच होती." मी पाणी प्याले. थोड्या वेळानं सगळं गेलं, जसं काही झालंच नव्हतं.

पण ते परत आलं. चार दिवसांनी आलं, मग कधीही यायला लागलं. येत नसलं तरी येईल म्हणून मी ताठ. गिऱ्हाईक पाटावर बसलं की माझाच हात आखडायचा. बांगड्या वाढायच्या. मी म्हणायची, माल हलका आलाय. साबण बदलला, तेल घेतलं. शेवटी हाताला प्लास्टिकची पिशवी घालून बांगडी सरकवायला लागले. पिशवी लावणाऱ्या बायकांना मी आजवर नावं ठेवत आले होते.

बायका कमी झाल्या. तोंडावर कुणी बोललं नाही, पुण्यात तोंडावर बोलतात ते फक्त पत्ता विचारला तर. पण मला कळत होतं. कासारणीच्या हातून वाढायला लागलं की तो हात चांगला नाही, असंच म्हणतात.

बसनं जाणंही सुटलं. स्वारगेटहून आळंदीला जाणारी बस मनपापाशी मिळते, ती पोरीच्या घराजवळ सोडते. एकदा बसमध्येच घाबरं झालं अन् मी मधेच उतरले, नदीच्या पुलाजवळ कठड्याला धरून उभी राहिले. त्यानंतर पोरीला सांगायची, "गुडघे दुखतात, तूच ये."

पोरगी आली तेव्हा म्हणली, "आई, देवीची ओटी भरायची राहिलीय का यंदा?" ओटी भरून आलो. शेजारीण म्हणली, कुणाची तरी नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या उतरवा. तेही केलं. मीठ-मोहऱ्या चांगल्या तडतडल्या, माझी धडधड होती तशीच राहिली.

एका रविवारी नात आली अन् बघत बसली. मी गिऱ्हाईकाला सांगत होते की मापाच्या बांगड्या संपल्यात. समोर माळा लटकत होत्या. ते गिऱ्हाईक गेल्यावर नात म्हणली, "आजी, तू चक्क खोटं बोललीस. उद्या सुट्टी टाकते. डॉक्टरकडे जायचं."

सरकारी दवाखान्यात गेलो. छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर अगदी तरुण होता. म्हणला, "आजी, हार्ट एकदम चांगलं आहे. मग त्रास काय होतोय नक्की?"

मी म्हणलं, "माझ्या हातून बांगड्या वाढतात."

"वाढतात? मग चांगलंय की. धंदा वाढतोय."

नात तोंडाला ओढणी लावून हसली. मी नाही हसले. मग तिनंच त्याला सांगितलं, "सर, वाढतात म्हणजे ब्रेक होतात." तो ओशाळला. म्हणला, "अहो, मग तसं सांगा ना आजी." मी म्हणलं, "तसं सांगत नाही आम्ही." नातीनं रात्री माझ्याकडनं काढून घेतलेलं बाकीचं सांगितलं, धडधडीचं, बसचं, गुडघ्यांच्या बहाण्याचं. त्यानं ऐकून घेतलं अन् वरच्या मजल्यावर मॅडमकडं पाठवलं.

वर दारावर मानसोपचाराची पाटी होती. मी अक्षर लावून वाचली अन् तिथनंच मागं फिरले. "मी वेडी नाही," म्हणलं.

"आजी, प्लीज, इथे सीन करू नको. वेडी कोण म्हणतंय? मी पण जाते."

"कुठं जातेस?"

"अशाच एका मॅडमकडे. मागच्या वर्षी ऑफिसात लॅपटॉप उघडला की मला रडायला यायचं. ऑनलाइन बोलायचे. खूप बरं वाटलं."

"तुझ्या आईला माहितीय?"

"नाही. तुला पण आत्ता कळलं. दहा मिनिटं बस. नाही आवडलं तर मिसळ खाऊन घरी जाऊ."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिचा हात इतक्यांदा हातात घेतलाय मी, अन् मला पत्ता नव्हता. मग आत गेले. माझ्यासाठी नाही गेले, खरं सांगायचं तर. हिला एकटीला दारात उभं ठेवायचं नव्हतं म्हणून गेले.

मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या होत्या. मी खुर्चीच्या काठावर ताठ बसले होते. त्यांनी माझं नाव, वय, घरात कोण आहे, कोण गेलं ते लिहिलं अन् पेन ठेवून विचारलं, "आजी, माहेर कुठलं तुमचं?"

मी म्हणलं, "मॅडम, हा माझा प्रश्न आहे."

त्यांना कळेना. मग मी त्यांना हात सैल करायची युक्ती सांगितली. त्या मोकळ्या हसल्या. म्हणल्या, "मग झाला का तुमचा हात सैल?"

"अजून नाही."

"मग अजून विचारते. मालक गेले तेव्हा रडलात का?"

"वेळ नव्हता."

"करोनात?"

"तेव्हा दुकान वाढवलं होतं. करमत नव्हतं. पण रडायचं काय त्यात? लोकांची माणसं गेली."

"अन् आता दुकानात काय होतं?"

"बांगडी वाढते."

त्या म्हणल्या, "आजी, तुमच्याकडे सगळं वाढतंच. काही फुटत नाही, काही बंद पडत नाही. मला तुमच्या धंद्यातलं कळत नाही, मी गिऱ्हाईक नाही. मला एकदा सरळ सांगता का, काय होतं ते?"

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. मी दाराकडं बघितलं, लावलेलं होतं. मग हळूच म्हणलं, "फुटते."

"काय फुटते?"

"बांगडी फुटते. बाईच्या हाताला काच लागते. मला घाबरं होतं. मला वाटतं मी मरते तिथंच, त्या जिन्याखाली, अन् कुणाला कळणारसुद्धा नाही. रोज वाटतं."

खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी वगैरे आलं नाही. पण खांदे खाली आले माझे. ते वर चढलेले होते हेच मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. म्हणल्या, हा आजार आहे, भित्रेपणा नाही, पुष्कळ लोकांना होतो. संकट नसतं तरी अंगाला वाटतं संकट आलं, अन् ते पळायची तयारी करतं. धडधड, घाम, कापरं ही सगळी पळायची तयारी. मला लगेच पटलं. आमच्या समोर सोनाराचं दुकान आहे, त्याच्या शटरला भोंगा लावलाय. मांजर गेलं तरी तो बोंबलतो, अन् सगळी आळी जागी होते. चोर काही अजून आला नाही. माझ्या छातीत तसला भोंगा बसला होता.

"भोंगा वाजला म्हणून दुकान सोडून पळायचं नाही," मॅडम म्हणल्या. "पळालात की त्याला वाटतं, बघा, मी बरोबर होतो. बसून राहायचं. श्वास घ्यायचा, अन् घेतला त्याच्यापेक्षा सावकाश सोडायचा. ते चढतं तसं उतरतंच."

गोळ्याही दिल्या. आधी थोडी मळमळ झाली, त्यांनी सांगूनच ठेवलं होतं. गुण यायला वेळ लागेल अन् मनानं बंद करायच्या नाहीत, हेही सांगितलं होतं. पोरगी म्हणली, "आई, असल्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात." मी म्हणलं, "तुला बीपीच्या गोळीची लागलीय तशी?" परत तिनं तो विषय काढला नाही.

अन् सराव. मॅडमनी सांगितलं, लगेच गिऱ्हाईकाचा हात धरू नका, सोप्यापासून सुरू करा. सगळ्यात सोपा हात माझा. मालक गेल्यापासून मी काच घातली नव्हती. दुपारी आळी सुनी असते, तेव्हा पडदा ओढला अन् एक बांगडी माझ्या डाव्या हातात भरली. घाबरं झालं. बसून राहिले. श्वास सोडत राहिले. उतरलं. मग बांगडी काढून ठेवली. रंग कुठला घेतला होता ते सांगत नाही.

मग रविवारी नातीच्या हातात. तिच्या हातात भरताना फुटल्या, अन् मी मोठ्यानं म्हणायची, "फुटली." ती म्हणायची, "नेक्स्ट." मग एक जुनं गिऱ्हाईक. मग दोन. बसचंही तसंच. आधी नात बरोबर, दोन स्टॉप. मग ती मागच्या सीटवर, ओळख नसल्यासारखी. मग मी एकटी. पुलापाशी धडधडलं. कंडक्टर म्हणला, "आजी, उतरायचंय का?" मी म्हणलं, "तिकीट विश्रांतवाडीचं काढलंय, पुलाचं नाही."

पिशवी टाकून दिली. बायका परत यायला लागल्या, सगळ्या नाही.

त्याच साली नातीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, व्याही पलीकडच्या पेठेतले. लग्नाआधी नवरीला हिरवा चुडा भरायचा असतो, दोन्हीकडच्या बायका येतात, त्या सगळ्यांच्याही भरायच्या. आमची व्याहीण बोलायला फार नीट. मी विश्रांतवाडीला गेले होते तेव्हाच तिनं पोरीला फोन केला. "गैरसमज करून घेऊ नका हं. पण चुड्याला दुसरी बाई बघितली तर? आपल्या आजींचं वय झालं, त्यांना कशाला त्रास."

त्रास म्हणजे काय ते पोरीलाही कळलं अन् मलाही. माझ्या हाताची कीर्ती त्यांच्या पेठेपर्यंत पोचली होती. अन् पोरगी माझ्याच पोटची, ती पण म्हणली, "आई, तुलाच टेन्शन येईल ग. नातीच्या चुड्यात काही झालं तर तू आयुष्यभर मनाला लावून घेशील." नात आतनं ओरडली, "आजी भरणार नसेल तर मी रबरबँड घालून उभी राहीन."

रात्रभर तेच डोक्यात. कासारणीच्या नातीचा चुडा दुसऱ्या बाईनं भरला तर कसब्यात सांगत फिरायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाटावर कुणी बसणार नाही. अन् बसलं तरी मी बसू शकणार नाही. एवढी पाटी वाहिली ती कशासाठी, मग.

मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणल्या, "समजा, भरताना फुटली. मग?"

"मग दुसरी घालीन."

"अन् बायका बोलल्या?"

"बोलतील. मी पण बोलेन."

मग मीच ऐकत बसले, आपण काय बोललो ते. घरी येऊन पोरीला फोन केला. म्हणलं, "व्याहिणीला सांग, चुडा मी भरणार. त्रास झाला तर मला होईल, अन् तो मला सांभाळता येतो."

चुड्याच्या दिवशी विश्रांतवाडीत पोरीच्या घरचा हॉल बायकांनी भरला होता. मधे पाट, पाटावर नात, समोर मी. व्याहीण सोफ्यावर, बरोबर समोर. उजवा हात भरला, एकही गेली नाही. नात तिच्या ऑफिसातलं कायतरी सांगत होती, मी हूं हूं करत होते. डावा हात घेतला अन् निम्म्यात आले तेव्हा आलं. शिट्टी, घाम, सगळं. भिंती जवळ आल्या.

पूर्वी असतं तर मी पाणी प्यायला म्हणून उठले असते. नाहीतर हट्टानं बांगडी रेटली असती, अन् फोडली असती. मी नातीचा हात सोडला नाही. मान वर केली अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "मला घाबरं झालंय. मला हा आजार आहे, औषध चालू आहे. थोडा वेळ लागेल, मग जाईल. तुम्ही बोलत बसा."

पोरगी पुढं आली, "आई, तू उठ, आपण—"

"उठायचं नाहीये."

नात माझ्याबरोबर श्वास सोडत होती, मला दिसत होतं. तिचा अंगठा माझ्या मुठीत होता. मी बायकांच्या तोंडाकडं बघितलं नाही, हाताकडं बघत राहिले. चढलं. फार चढलं. मग उतरलं, जसं उतरतं तसं. मी पदरानं हात पुसला, साबण लावला अन् उरलेल्या भरल्या. एका हातात एक जास्त घालायची असते, तीही घातली.

चुडा भरला की नवरी कासारणीला नमस्कार करते. नात वाकली. तिच्या हातांचा आवाज झाला, भरलेल्या हातांचा होतो तसा. मी सगळ्या पुण्याचे चुडे भरलेत, पण असा कुठला भरला नव्हता. इतर चुडे माझ्या हातानं भरले. हा मी भरला.

व्याहीण सोफ्यावरनं उठली. मला वाटलं, आता ऐकवणार. ती पाटावर येऊन बसली अन् हात पुढं केला. "माझ्या भरा," म्हणली. "मधे थांबायचं असेल तर थांबा. मी मुलाकडची आहे, मला घाई नाही."

मी म्हणलं, "मुलाकडच्यांना घाई नसते, भूक असते. अंगठा आत घ्या."

तिच्यामागं बाकीच्या ओळीनं बसल्या. एका बाईच्या हातात एक फुटली. "फुटली," मी म्हणलं, अन् दुसरी घेतली. शेवटचा हात भरून होईपर्यंत आतला भात पार निवला होता. तसाच खाल्ला सगळ्यांनी.